शब्दवेध : हाली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिशिगन आणि मिनेसोटा येथील तांब्या-लोखंडाच्या खाणींत राबायला गेलेल्या फिनिश स्थलांतरितांच्या बोलीत, म्हणजे फिनिश व इंग्रजी यांच्या मिश्रणातून घडलेल्या 'फिंग्लिश'मध्ये, 'हॉल' या इंग्रजी शब्दाचे 'हाली' असे रूप झाले. व्यंजनान्त उसन्या शब्दाला शेवटी स्वर जोडून घेणे ही फिनिशची जुनी खोड असल्यामुळे 'माइन'चेही 'माइनी' झाले. तसेच फिनिशमध्ये स्थळ दाखवण्याचे काम प्रत्यय करत असल्याने 'सभागृहात' हा अर्थ 'हालिस्सा' या एकाच शब्दात मावला. शब्द परका असला, तरी त्याला चालवणारे व्याकरण मुख्यतः फिनिशच राहिले, आणि म्हणूनच या बोलीला भ्रष्ट इंग्रजी म्हणणे चुकीचे ठरते. अर्थाचा प्रवास अधिक रंजक आहे : नाटक, नृत्य, व्याख्याने आणि कामगारांच्या सभा जिथे होत, ती समाजवादी फिनिश मंडळींची वास्तू म्हणजे हाली, असा अर्थ रूढ होऊन 'हालीसमाजवाद' हा शब्दही प्रचारात आला, चर्चनिष्ठ फिनिश लोक अर्थातच तिथून दूर राहत. पुढे 1924 च्या अमेरिकी कायद्याने नवे स्थलांतर रोडावले, मुले इंग्रजी शाळांत शिकली आणि फिंग्लिश वृद्धांपुरती उरली. अमेरिकी इंग्रजीत मात्र 'साउना' हा फिनिश शब्द कायमचा रुजला.