वानरांचा इशारा आणि मनुष्याची वाणी

मुरबाडहून माळशेजकडे जातांना वैशाखरे गांव ओलांडलें, कीं नाणेघाटाची पायवाट रानांत शिरते. सह्याद्रीच्या अशा रानांत बिबट्या दिसतांच वानर खाकरल्यासारखा कर्कश आवाज काढतो आणि सारी टोळी सावध होते. ह्या आवाजास शब्द म्हणावें काय?

एकोणिसाव्या शतकांत अशा प्रश्नांवर इतके तर्क लढविले गेले, कीं पॅरिसच्या भाषाशास्त्र-मंडळानें १८६६ मध्यें भाषेच्या उगमावरील निबंध स्वीकारावयाचेच नाहींत असा नियम केला. हा कंटाळा समजण्यासारखा होता. पुरावा कोणाजवळच नव्हता. तथापि १८७१ मध्यें डार्विननें सुचविलें, कीं एखाद्या चतुर वानरसदृश प्राण्यानें श्वापदाच्या गुरगुरण्याची नक्कल करून सोबत्यांस संकटाचें स्वरूप कळविलें असेल, आणि भाषेचा आरंभ तेथेंच झाला असेल. पुढें अमेरिकेंतील गार्नर ह्यानें फोनोग्राफवर माकडांचे आवाज घेऊन ते दुसऱ्या माकडांस ऐकविले. युक्ति उत्तम होती. पण १८९२ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें थेट माकडांच्या भाषेचाच दावा मांडला, आणि उत्साह पुराव्याच्या फार पुढें गेला.

त्या युक्तीचें चीज झालें तें केनियांतील अंबोसेलीच्या रानांत. सेफार्थ, चेनी व मार्लर ह्यांनीं व्हर्व्हेट माकडांचे इशारे ध्वनिमुद्रित करून लपविलेल्या ध्वनिक्षेपकांतून ऐकविले. बिबट्याचा इशारा ऐकतांच माकडें झाडावर चढत, गरुडाचा ऐकतांच वर पाहत, सर्पाचा ऐकतांच भोंवतालच्या गवतांत न्याहाळीत. शत्रु तर कोठेंच नव्हता! १९८० मध्यें हे प्रयोग प्रसिद्ध झाले.

मग माकड बोलत कां नाहीं? पुष्कळ दिवस दोष कंठास दिला जाई. २०१६ मध्यें क्ष-किरणचित्रांवरून मकाक जातीच्या माकडाचा कंठ बोलण्यास पुरेसा लवचिक आढळला. तेव्हां उणीव मेंदूंत शोधणें प्राप्त झालें. शिवाय वानराचा इशारा समोरच्या बिबट्यापुरता असतो. काल येऊन गेलेल्या बिबट्याची हकीकत तो सांगतो, असें दिसून आलेलें नाहीं.

वैशाखऱ्याची ती पायवाट चढून गेल्यावर घाटमाथ्याच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. झालेल्या यज्ञांची व दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणांची गणती त्यांत अंकांसह कोरलेली आहे. तेथेंच सिमुक, सातकर्णि, राणी नागनिका इत्यादिकांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. वर कोरलेल्या नांवांवरूनच कोणाची प्रतिमा कोठें होती तें कळतें.