विनाइल साइडिंग : घराच्या बाह्य आवरणाचे अंदाजपत्रक

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे प्रथमच जाणाऱ्या आईवडिलांना तेथील घरांची एक गोष्ट हमखास चकित करते. बाहेरून लाकडी फळ्यांची वाटणारी भिंत बोटाने वाजवून पाहिली की पोकळ आवाज येतो आणि ते लाकूड नसून प्लास्टिक आहे, हे ध्यानात येते. या आवरणास 'विनाइल साइडिंग' असे म्हणतात. अमेरिका व कॅनडातील उपनगरांत असंख्य घरांना हे आवरण आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यात घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरांनाही ते असते. आवरण जुने झाले, गारपिटीने तडकले किंवा त्याचा रंग विटला की ते बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. घरकर्जाचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण सांभाळून करावयाचा हा मोठा खर्च आहे. तो कशाकशाचा बनतो, कोठे फुगतो आणि करारावर सही करण्यापूर्वी काय पाहावे, याची माहिती येथे दिली आहे.

आवरण नेमके कशासाठी

भारतातील घराची भिंत बहुधा विटांची किंवा काँक्रीटची असते आणि पावसापासून तिचे रक्षण गिलावा व रंग करतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी वाऱ्याच्या बाजूच्या भिंतींना झावळ्यांचे झाप बांधण्याची जुनी रीत आहे. अमेरिकेतील सर्वसाधारण घराची रचना वेगळी असते. लाकडी खांबांची चौकट, तिच्यावर प्लायवूड किंवा लाकडाच्या चकत्या दाबून केलेले तक्ते, त्यावर पाणी अडविणारा पातळ पडदा आणि सर्वांत बाहेर साइडिंग, असे तिचे थर असतात. या पडद्यास 'हाऊस रॅप' म्हणतात.

विनाइल साइडिंग म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकच्या लांब पट्ट्या. त्या एकमेकींत अडकवीत खालून वर बसविल्या जातात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे उत्पादन बाजारात आले. त्याआधी लोकप्रिय असलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जागा त्याने हळूहळू घेतली. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दोन दशके अमेरिकेतील नव्या स्वतंत्र घरांसाठी ते सर्वाधिक वापरले जाणारे आवरण होते. अलीकडच्या वर्षांत सिमेंटचा गिलावा आणि सिमेंट-तंतूंचे तक्ते यांनी त्याच्याशी स्पर्धा सुरू केली आहे. विनाइलला रंग द्यावा लागत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि ते वजनाने हलके असते, ही त्याच्या प्रसाराची मुख्य कारणे आहेत.

मात्र एक गोष्ट अनेक घरमालकांना ठाऊक नसते. हे आवरण पाण्यास संपूर्ण अटकाव करीत नाही. जोरदार पावसाचे थोडे पाणी पट्ट्यांच्या सांध्यांतून आत जातेच. ते खाली वाहून बाहेर पडावे म्हणून पट्ट्यांच्या तळाशी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. भिंतीचे खरे रक्षण मागचा पडदा आणि खिडक्या, दारे व छपराच्या कडांशी बसविलेल्या धातूच्या पट्ट्या करतात. या पट्ट्यांना 'फ्लॅशिंग' म्हणतात. अंदाजपत्रक करताना केवळ दिसणाऱ्या पट्टीची किंमत धरली, तर हिशेब चुकतो तो यामुळेच.

मोजमापाचा हिशेब

आपल्याकडे गिलाव्याचे काम 'ब्रास'मध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. अमेरिकेत साइडिंगचे माप 'स्क्वेअर' या एककात देतात आणि योगायोगाने तेही १०० चौरस फुटांचेच आहे. त्यामुळे मराठी घरमालकाला हा हिशेब अवघड जाऊ नये.

उदाहरणार्थ, ४० फूट लांब, २८ फूट रुंद आणि १८ फूट उंच भिंतींचे दुमजली घर घेऊ. त्याचा परिघ १३६ फूट आणि भिंतींचे क्षेत्रफळ २,४४८ चौरस फूट होते. दोन्ही टोकांना छपराखाली त्रिकोणी भिंती असतात. त्यांचा पाया २८ फूट आणि उंची ९ फूट धरल्यास दोन्ही मिळून २५२ चौरस फूट होतात. एकूण क्षेत्रफळ २,७०० चौरस फूट, म्हणजे २७ स्क्वेअर झाले.

आता खिडक्या व दारे यांचे क्षेत्रफळ वजा करावे काय, हा प्रश्न येतो. तीन फूट रुंद व पाच फूट उंच अशा १४ खिडक्या आणि तीन फूट रुंद व सात फूट उंच अशी दोन दारे मिळून २५२ चौरस फूट होतात. ते वजा केल्यास २,४४८ चौरस फूट उरतात. काटछाटीत वाया जाणाऱ्या मालासाठी साधारण दहा टक्के वाढवून धरले जातात. ते मिळवले की आकडा सुमारे २,६९३ चौरस फुटांवर, म्हणजे पुन्हा २७ स्क्वेअरवर येतो. म्हणूनच अनेक कारागीर लहान खिडक्या वजा करीत नाहीत आणि नासधूसही वेगळी धरीत नाहीत. ही पद्धत रास्त आहे. परंतु एखाद्याने खिडक्या वजा न करता वर दहा टक्केही लावले, तर आकडा जवळजवळ ३० स्क्वेअरवर जातो. हिशेब समजण्यापुरता प्रति स्क्वेअर ७०० डॉलर दर धरला, तर या तीन स्क्वेअरचे २,१०० डॉलर होतात. त्यामुळे मापे कोणत्या पद्धतीने घेतली, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

खर्चाचे घटक

कोणत्याही लेखी दरपत्रकात पुढील बाबी स्वतंत्रपणे दाखविलेल्या असाव्यात.

पहिली बाब पट्टीची. तिची जाडी महत्त्वाची असते. अमेरिकेतील मानकानुसार किमान जाडी ०.०३५ इंच, म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित कमी आहे. घरांसाठी चांगला माल साधारण ०.०४० ते ०.०४६ इंचांचा असतो. अधिक जाड पट्टी वाऱ्यात कमी फडफडते आणि उन्हात कमी वाकते. पाठीमागे फोमचा थर असलेल्या पट्ट्या अधिक महाग असतात. त्यांनी उष्णतारोधन काहीसे वाढते; परंतु भिंतीच्या आत पुरेसे रोधक नसेल तर केवळ या पट्ट्यांनी तापविण्याचा खर्च लक्षणीय घटेल, असे समजू नये.

दुसरी बाब जोडसाहित्याची. कोपऱ्यांचे खांब, तळाची आरंभपट्टी, खिडक्यांभोवतीचे 'जे' आकाराचे चॅनल, छपराच्या पुढे आलेल्या भागाचे आतील आवरण हे सारे त्यात येते. खिडक्या, कोपरे आणि कोनाडे जितके अधिक, तितकी मजुरी अधिक. साध्या चौकोनी घराचा आणि अनेक कोन असलेल्या घराचा दर सारखा असू शकत नाही.

तिसरी बाब जुने आवरण काढून त्याची विल्हेवाट लावण्याची. जुन्यावरच नवे चढविले तर हा खर्च वाचतो. परंतु मागची भिंत पाहण्याची संधीही जाते.

चौथी बाब पडदा व फ्लॅशिंगची. दर कमी दाखविण्यासाठी सर्वप्रथम येथेच काटछाट केली जाते आणि तिचे परिणाम काही वर्षांनी दिसतात. छपराची कड जेथे उभ्या भिंतीला भिडते, तेथे पाणी भिंतीपासून दूर वळविणारी छोटी धातूची पट्टी नसली, तर त्या एका जागेतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून तक्ते कुजतात. वरचे प्लास्टिक मात्र तसेच स्वच्छ दिसत राहते.

पाचवी बाब आकस्मिक खर्चाची. जुने आवरण निघाल्यावर कुजलेले तक्ते निघतील की नाही, हे आधी कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे एकूण रकमेच्या दहा ते वीस टक्के वेगळे राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. वरील उदाहरणात २७ स्क्वेअरचे १८,९०० डॉलर होतात आणि १५ टक्के राखीव धरल्यास २,८३५ डॉलरची भर पडते. या रकमेची सोय नसेल, तर काम एक वर्ष पुढे ढकलणे किंवा केवळ एका बाजूची भिंत करून घेणे अधिक बरे. कुजलेला तक्ता बदलण्याचा प्रति नग दर करारातच ठरवून घ्यावा. भिंत उघडी पडल्यानंतर घासाघीस करण्याची ताकद घरमालकाकडे राहत नाही.

जुन्या घरांची विशेष काळजी

१९७८ पूर्वी बांधलेल्या घरांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. अशा घरांतील रंग खरवडला जाणारे काम प्रमाणपत्रधारक कंत्राटदारानेच विहित काळजी घेऊन करावे, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा नियम एप्रिल २०१० पासून लागू आहे. काही जुन्या घरांना ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या तक्त्यांचे आवरण असते. ते फोडणे वा कापणे धोक्याचे असल्याने तपासणी व विल्हेवाट यांचा खर्च आधीच धरावा लागतो. ऐतिहासिक म्हणून जाहीर झालेल्या वस्त्यांत विनाइलला परवानगी मिळेलच असे नाही. अनेक वसाहतींत रहिवासी संघाकडून रंगाचीही मंजुरी घ्यावी लागते.

काम चांगले झाले हे कसे ओळखावे

विनाइल उन्हाने प्रसरण पावते आणि थंडीने आकुंचन पावते. साडेबारा फुटांच्या एका पट्टीच्या लांबीत ऋतुमानानुसार अर्ध्या इंचाहून अधिक फरक पडू शकतो. म्हणून खिळा खाचेच्या मधोमध आणि किंचित सैल ठोकावा लागतो व पट्टीच्या टोकाशी सुमारे पाव इंच जागा सोडावी लागते. कडाक्याच्या थंडीत काम असेल तर ती जागा अधिक ठेवतात. बसविलेली पट्टी हाताने डावीकडे-उजवीकडे थोडी सरकली पाहिजे. ती घट्ट बसली असेल तर पुढच्या उन्हाळ्यात भिंतीवर लाटा उठतील. कारागिराने काम लवकर उरकले म्हणून समाधान मानण्यापूर्वी ही साधी तपासणी कोणालाही करता येते.

उष्णता हा या आवरणाचा मोठा शत्रू आहे. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते मऊ पडू लागते. भिंतीलगत ठेवलेली मांस भाजण्याची शेगडी, तसेच शेजारच्या घराच्या ऊर्जाबचत काचांवरून परावर्तित झालेले ऊन यांनीही पट्ट्या वाकल्याची उदाहरणे आहेत.

करार आणि पैसे

दारोदार फिरून साइडिंग विकणाऱ्यांची ख्याती अमेरिकेत जुनी आहे. १९६३ च्या बाल्टिमोरमधील ॲल्युमिनियम साइडिंगच्या विक्रेत्यांवर 'टिन मेन' हा चित्रपट १९८७ मध्ये निघाला होता. 'आज सही केली तरच हा दर' असे सांगणाऱ्याला आज नकार देणेच इष्ट. विक्रेत्याने घरी येऊन केलेला करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करण्याचा हक्क तेथील संघराज्य व्यापार आयोगाच्या नियमाने सामान्यतः ग्राहकास दिलेला आहे.

राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत. न्यू जर्सीत ५०० डॉलरहून अधिक रकमेच्या घरसुधारणेचा करार लेखी असणे बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम कराराच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तीहून अधिक घेता येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ही मर्यादा सर्वसाधारणपणे एक तृतीयांश आहे. किमान तीन दरपत्रके मागवावीत. त्या सर्वांत पट्टीची जाडी, पडदा व फ्लॅशिंग सारखीच आहेत ना, हे पाहूनच रकमांची तुलना करावी. कंत्राटदाराच्या विम्याचा दाखलाही पाहावा.

आणखी एक धोका पैसे दिल्यानंतरचा असतो. कंत्राटदाराने माल पुरविणाऱ्याचे पैसे थकविले, तर तो पुरवठादार अनेक राज्यांत घरावरच बोजा चढवू शकतो. त्यामुळे अखेरचा हप्ता देण्यापूर्वी पुरवठादार व पोटकंत्राटदार यांचा हक्क सोडल्याचा लेखी दाखला घ्यावा. 'आजीवन हमी' या शब्दांचा अर्थही वाचून घ्यावा. ती बहुधा मालापुरती असते, वर्षांगणिक घटत जाते आणि तिच्यात मजुरी नसते.

विनाइलची एक फुटकी पट्टी साध्या हत्याराने काढून दुसरी बसविता येते. परंतु दहा वर्षांनी त्याच रंगाचा माल मिळत नाही आणि मिळाला तरी उन्हाने विटलेल्या भिंतीशी जुळत नाही. म्हणून काम संपताना उरलेल्या काही पट्ट्या, मालाचे नाव व रंगाचा क्रमांक जपून ठेवावा. पुढे एखाद्या वादळानंतर संपूर्ण भिंत बदलण्याचा खर्च त्यामुळे टळू शकतो.