हार्ड डिस्क गेल्यावर : घरच्या संगणकाची पुन्हा उभारणी

घरातील संगणकाचा जवळजवळ प्रत्येक भाग बाजारातून नवा आणता येतो. रॅम जाते, पॉवर सप्लाय जळतो, मदरबोर्ड बंद पडतो. खर्च होतो, पण हानी होत नाही. हार्ड डिस्कचे तसे नाही. मुलांच्या बालपणाची छायाचित्रे, घराच्या कराराची स्कॅन केलेली प्रत, वडिलांनी टंकलिखित केलेल्या आठवणी असे सारे तिच्यातच असते. त्यामुळे हार्ड डिस्क निकामी झाल्यावर आपल्यापुढे दोन वेगळी कामे असतात. एक, आतील माहिती वाचवणे. दुसरे, यंत्र पुन्हा चालू करणे. घरातील सर्वांना घाई दुसऱ्याची असते आणि पहिल्याचे नुकसान बहुतेक वेळा त्या घाईतच होते.

हार्ड डिस्क हे संगणकातील मोजक्या हलणाऱ्या भागांपैकी एक. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा घेते. तत्त्व मात्र बदललेले नाही. चुंबकीय लेप असलेली तबकडी फिरते आणि तिच्यावरून वाचन-लेखन करणारे 'हेड' सरकत जाते. डेस्कटॉपमधील डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर तबकडीच्या कडेचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास जातो. हेड आणि तबकडी यांच्यातील अंतर असते अवघे काही नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे चालू संगणकाला बसलेला धक्का किंवा आत शिरलेला धुळीचा कण काय करू शकतो, याची कल्पना येते.

मात्र संगणक सुरू झाला नाही म्हणजे डिस्क गेलीच, असे समजू नये. पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश आल्यास आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसेल तर विजेची जोडणी काढून डिस्कची साटा केबल बदलून पाहावी. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क टाकून दिल्याची उदाहरणे कमी नाहीत. संगणकाचे घड्याळ प्रत्येक वेळी मागे जात असेल, तर दोष मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराच्या बॅटरीचा असतो. ती संपल्याने बायोसमधील सेटिंग पुसले जाते व संगणक चुकीच्या ठिकाणी विंडोज शोधत बसतो.

डिस्कमधून ठरावीक अंतराने 'टक् टक्' असा आवाज येत असेल, तर मात्र संगणक तत्क्षणी बंद करावा. हेडला आपली जागा सापडत नसल्याचे ते लक्षण आहे, आणि चालू अवस्थेतील प्रत्येक मिनिट तबकडीवर नवा ओरखडा उठवू शकते. अशी डिस्क घरी उघडणे हा तर शुद्ध अविचार होय. ते काम धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचे. त्याचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट असू शकतो. तेव्हा आतील माहितीचे मोल काय, हे घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा 'रामबाण' उपाय अजूनही तोंडोतोंडी फिरतो. बाहेर काढल्यावर आत दव धरते, एवढेच त्यातून साध्य होते. सारख्याच मॉडेलचे सर्किट बोर्ड लावण्याची युक्तीही आता चालत नाही, कारण अलीकडच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कपुरती जुळवणी बोर्डावरील चिपमध्ये नोंदलेली असते.

आवाज नाही, डिस्क ओळखली जाते, पण संगणक अत्यंत मंद झाला आहे किंवा फायली उघडत नाहीत, अशा वेळी घरी बरेच काही करता येते. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद 'स्मार्ट' या व्यवस्थेत ठेवत असते आणि मोफत सॉफ्टवेअरने ती वाचता येते. खराब होऊन बदललेल्या व बदलण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत. उलट निष्कर्ष मात्र काढू नये. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांत निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी 'स्मार्ट'च्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

येथे 'चेकडिस्क' चालवण्याचा मोह टाळावा. ती फाइल व्यवस्थेची दुरुस्ती करते, म्हणजेच मरणाऱ्या डिस्कवर नवे लेखन करते. योग्य मार्ग म्हणजे तितक्याच किंवा अधिक क्षमतेची दुसरी डिस्क जोडून, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून 'डीडीरेस्क्यू' या मोफत प्रोग्रॅमने सबंध डिस्कची प्रत घेणे. तो आधी सुस्थितीतील भाग उचलतो आणि हट्टी भागांकडे शेवटी वळतो. मॅप फाइल दिली असल्यास काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते. यास एक रात्र लागेल, कधी चार दिवस. कोणती डिस्क मूळ व कोणती नवी, हे आज्ञा देताना दोनदा तपासावे; क्रम उलटल्यास कोरी डिस्क जुनीवर उतरेल. पुढची शोधाशोध त्या प्रतीवर करावी. हरवलेली पार्टिशन 'टेस्टडिस्क'ने व छायाचित्रे 'फोटोरेक'ने पुष्कळदा सापडतात.

आता यंत्राची उभारणी. विंडोजसाठी नवी डिस्क एसएसडीच असावी. जुन्या संगणकालाही तिने जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही. छायाचित्रांच्या साठ्याला मोठी, फिरती डिस्क स्वस्त पडते. मात्र एसएसडी म्हणजे अमरपट्टा नव्हे. ती बहुधा आवाज न करता, पूर्वसूचनेविना जाते आणि 'ट्रिम' या सोयीमुळे तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणे दुरापास्त असते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीत. असा संगणक पुन्हा उभारताना लिनक्स मिंट वा उबुंटूचा विचार अवश्य करावा. विंडोजच टाकायचे असल्यास पूर्वीची आवृत्ती निवडावी. विंडोज १० पासून डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने डिस्क बदलूनही तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. प्रस्थापना चालू असताना जुनी डिस्क काढून ठेवावी, म्हणजे चुकून ती फॉरमॅट होण्याचा प्रश्नच उरत नाही. नव्या लॅपटॉपची डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असते. ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर उत्तम प्रतही वाचता येणार नाही. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते.

मराठी घरांत एक गोष्ट हमखास विसरली जाते. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर नव्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात उघडतो. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून प्रतीतून केवळ 'डॉक्युमेंट्स' न उचलता विंडोजमधील 'फॉन्ट्स' हे फोल्डरही उचलावे, आणि मजकूर उघडू लागला की कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा. ज्यांचे लेखन 'मंगल'मध्ये आहे, त्यांना विंडोज १० व ११ मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट वेगळे घ्यावे लागतात. टॅलीचा हिशेब व आउटलुकची टपालपेटी हीदेखील 'डॉक्युमेंट्स'च्या बाहेर असू शकते.

आपल्याकडे संगणक जोडून देणारे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत आले आहेत. डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत ही अनेकांना सुरक्षित प्रत वाटते. तबकडी एकच असल्याने सी गेला की डीही जातो. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क प्रत घेऊन झाल्यावर संगणकापासून सुटी करून ठेवलेली हवी.

जुन्या डिस्कची वॉरंटी शिल्लक असेल तर बदलून मिळते, पण दिलेली डिस्क परत येत नाही, तिच्यातील माहितीही नाही. माहिती हाती आल्याशिवाय ती देऊ नये. वॉरंटी संपली असल्यास ती भंगारात टाकण्यापूर्वी तबकड्या ड्रिलने आरपार भोकाव्यात. बँकेचे व प्राप्तिकराचे कागद तिच्यावर अजूनही असतात.