सुप्याच्या वह्या

लक्ष्मीपूजनाला वह्या पुजल्या जातात, तेव्हा मला भीमथडीतल्या सुप्याच्या जळालेल्या वह्या आठवतात. पेशवाईत मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची कराराची. १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात शेतांना नंबर देऊन ३० वर्षांचा सारा ठरविला. कुणब्याला शेत स्वतःचे वाटू लागले. पण जे विकता येते, ते गहाणही पडते! मुदत संपताच सारा वाढला, पुढे धान्याचे भाव उतरले आणि शेते सावकारांकडे चालली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी कर्जखते नि वह्या जाळल्या. १८७९ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. मालकी कागदाने दिली होती, कागदच ती नेत होता. म्हणून कुणब्याचा राग माणसापेक्षा कागदावर अधिक होता.