‘मास्टर ऑफ पपेट्स’मधला खर्ज

हेवी मेटल म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो गिटारचा कर्कश गजर आणि ड्रमचा दणदणाट. या गदारोळाखाली वाहणारा बास गिटारचा खर्ज बहुतेक श्रोत्यांच्या कानांतून निसटून जातो. ‘मेटॅलिका’ या अमेरिकन बँडचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) हा अल्बम मात्र बासवादक क्लिफ बर्टनच्या खर्जासाठी मुद्दाम ऐकावा, असा आहे.

बास गिटारला सहसा चारच तारा असतात आणि त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या असतात. ड्रमचा ठेका आणि गिटारची धून यांना जोडून ठेवणे, हे रॉक संगीतातील तिचे नेहमीचे काम. ‘थ्रॅश मेटल’ या अतिद्रुत प्रकारात तर गिटारची धून खालच्या सप्तकात गिरवणे, एवढेच काम बासवादकाच्या वाट्याला येते. बर्टनने ते काम चोख केलेच, शिवाय बासला स्वतंत्र गाता गळा दिला.

पियानोकडून बासकडे

१० फेब्रुवारी १९६२ रोजी कॅलिफोर्नियात जन्मलेल्या बर्टनने लहानपणी पियानोचे धडे घेतले होते. १९७५ मध्ये थोरल्या भावाचे निधन झाले आणि त्यानंतर तो बासकडे वळला. बाखच्या रचनांचा त्याने अभ्यास केला. ‘ब्लॅक सॅबथ’च्या गीझर बटलरचाही त्याच्यावर प्रभाव होता. तो नखी न वापरता बोटांनी वाजवत असे आणि एरवी गिटारवादकांच्या पायाशी दिसणारी डिस्टॉर्शन व ‘वा-वा’ ही पेडल्स बासला जोडत असे.

आठ रचना, एक अंतःप्रवाह

१९८५ च्या अखेरीस कोपनहेगनच्या ‘स्वीट सायलेन्स’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम ३ मार्च १९८६ रोजी प्रसिद्ध झाला. शीर्षकगीतात वेगवान गिटारला बासचे भक्कम अस्तर आहे. मधल्या संथ भागात ते उघडे पडते. ‘डॅमेज, इंक.’ या अखेरच्या गीताची धूसर सुरुवात बासच्या आवाजांचे थर एकमेकांवर रचून साधलेली आहे. नवख्या श्रोत्याला ते सूर बासचे आहेत, हे सांगूनही खरे वाटत नाही.

कळस आहे तो ‘ओरायन’ या साडेआठ मिनिटांच्या शब्दविरहित रचनेत. दुरून हळूहळू जवळ येणारा वाद्यवृंदासारखा नाद हा बासचाच. सुमारे चार मिनिटांनी सारी वाद्ये थांबतात आणि एकटा बास ठाय लयीत एक उदास धून आळवू लागतो. मग त्या धूनेवर गिटारची स्वरसंगती चढत जाते. या मधल्या भागाची बांधणी बर्टनची. बाखच्या अभ्यासाचे फळ येथे सर्वाधिक जाणवते.

उणीव कानांना कळते

अल्बम येऊन सात महिनेही झाले नव्हते. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्यावरील बस उलटून बर्टनचा मृत्यू झाला. तो २४ वर्षांचा होता. त्याच्या अंत्यविधीत ‘ओरायन’ वाजवण्यात आले. ही रचना मंचावर संपूर्ण सादर व्हायला २००६ साल उजाडावे लागले.

बँडच्या पुढच्या, ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडचा बास ध्वनिमिश्रणात इतका दबला, की तो जवळजवळ ऐकूच येत नाही. गिटार तितकीच तिखट, पण आवाज कोरडा आणि पोकळ. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले की खर्ज काय करत असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने २०१६ मध्ये आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत ‘मास्टर ऑफ पपेट्स’चा समावेश केला. हा मान मिळवणारा तो पहिला मेटल अल्बम. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे त्याचे शीर्षकगीत नव्या पिढीपर्यंत पोहोचले. या श्रोत्यांसाठी एक सूचना : बासच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ती पेलत नाहीत. चांगला हेडफोन घ्यावा आणि सुरुवात ‘ओरायन’पासून करावी.