‘बांटू’ : एक शब्द आणि त्याचें व्याकरण

एखाद्या परक्या समाजाची योग्यता ठरवावयाची झाली म्हणजे सुशिक्षित मनुष्यही बहुधा उतावळा होतो. कोणी त्या समाजाचा वर्ण पाहतो, कोणी वस्त्र पाहतो, कोणी अन्न पाहतो. परंतु एखाद्या समाजाचें व्याकरण तपासून त्यावरून त्याच्या कल्पनाशक्तीची मर्यादा ठरविण्याचा प्रकार विरळाच. आणि तोही विद्वानांच्या हातून, शास्त्राच्या नांवानें घडलेला. आफ्रिका खंडाच्या मध्यापासून दक्षिण टोंकापर्यंत ज्या सुमारें पांचशें भाषा पसरल्या आहेत, त्यांस भाषाशास्त्रांत ‘बांटू’ हें एकच कुलनाम आहे. या भाषांच्या व्याकरणाचा शोध हा विद्येच्या इतिहासांतील एक सुंदर अध्याय आहे, आणि त्या शोधावरून काढलेलीं अनुमानें हा एक खेदजनक अध्याय आहे. हे दोन्ही अध्याय आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम व्याकरण. मराठी वाचकास हें प्रकरण इंग्रजी वाचकापेक्षां सुलभ जावें. ‘माझा पांढरा घोडा पळाला’, ‘माझी पांढरी घोडी पळाली’, ‘माझें पांढरें घोडें पळालें’. येथें नामानें एकदां सूर धरला कीं विशेषणापासून क्रियापदापर्यंत सर्वांस तोच सूर धरावा लागतो. शिवाय आमचीं लिंगें निसर्गास धरूनच चालतात असेंही नाहीं. सुरी स्त्रीलिंगी, चाकू पुल्लिंगी आणि दोहोंचें पातें नपुंसकलिंगी. यांत स्त्रीपुरुषभेद कोणता, हें कोणी सांगावें? बांटू भाषांत असाच व्यवहार आहे. फरक इतकाच कीं, तेथें खूण शब्दाच्या शेवटीं नसून आरंभीं असते. स्त्री व पुरुष हा भेद नामांच्या वर्गवारीस आधारभूत नसतो. आणि वर्ग तीन नसून, एकवचनाचे व अनेकवचनाचे निरनिराळे मोजले तर, बहुधा दहापासून वीसपर्यंत असतात.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेचें उदाहरण घेऊं. ‘किसू’ म्हणजे सुरी. ‘एक लहान सुरी हरवली आहे’ हें वाक्य ‘किसू किडोगो किमोजा किमेपोतेआ’ असें होतें. सुऱ्या तीन असल्या कीं ‘कि’ जाऊन सर्वत्र ‘वि’ येतो : ‘विसू विडोगो वितातू विमेपोतेआ’. मूल म्हणजे ‘म्तोतो’. तें माणसांच्या वर्गांत पडतें. तीन लहान मुलें हरवलीं असतां ‘वातोतो वाडोगो वातातू वामेपोतेआ’ असें म्हणतात. कोण हरवलें तें श्रोत्यास नीट ऐकूं आलें नाहीं, तरी निदान वस्तु हरवल्या कीं माणसें हरवलीं एवढें तरी पुढील कोणत्याही शब्दावरून त्यास कळतें. क्रियापद कर्त्याची खूण तर धारण करतेंच, पण कर्माचीही खूण पोटांत घेऊं शकतें. ‘निमेकिओना’ या एका शब्दांत ‘नि’ म्हणजे मी, ‘मे’ म्हणजे क्रिया पुरी झाल्याची खूण, ‘कि’ म्हणजे ती सुरी, आणि ‘ओना’ म्हणजे पाहणें. ‘मीं सुरी पाहिली’ आणि ‘मीं चाकू पाहिला’ असें म्हणणाऱ्या आम्हांस क्रियापदानें कर्माकडे वळून पाहणें कांहीं नवें नाहीं. पण आमचें क्रियापद बहुधा एका वेळीं एकाचीच मर्जी सांभाळतें, स्वाहिलीचें दोघांचीही सांभाळतें.

वर्ग ओळखण्याचें खरें काम कित्येकदां क्रियापदच करतें. ‘म्तोतो’ म्हणजे मूल आणि ‘म्ती’ म्हणजे झाड. दोहोंच्या आरंभीं तोच अर्धा ‘म्’ आहे. पण मूल पडलें तर ‘अमेआंगुका’ आणि झाड पडलें तर ‘उमेआंगुका’. याहून मनोवेधक गोष्ट अशी कीं, आंधळ्या माणसास स्वाहिलींत ‘किपोफू’ आणि बहिऱ्यास ‘किझिवी’ म्हणतात. यांच्या आरंभीं माणसांचा ‘म्’ नाहीं. सुरीचा, म्हणजे वस्तूंचा, ‘कि’ आहे. नाम बनवितांना भाषेनें या दुर्दैवी माणसांवर जणूं अन्यायच केला. परंतु वाक्य पुरें होतांना तो अन्याय टिकत नाहीं. सुरी पडली तर ‘किसू किमेआंगुका’. आंधळा पडला तर मात्र ‘किपोफू अमेआंगुका’. नामानें वस्तूंत बसविलेल्या मनुष्यास क्रियापद हात धरून माणसांच्या पंक्तींत आणून बसवितें.

परभाषेंतील शब्दांसही हा नियम सोडीत नाहीं. अरबी ‘किताब’ स्वाहिलींत ‘किताबू’ झाला. त्यांतील ‘कि’ हा मूळ शब्दाचाच अवयव असतां तो उपसर्ग मानला गेला, आणि पुस्तकें अनेक झालीं तेव्हां तीं ‘विताबू’ झालीं. हिंदुस्थानांतून समुद्रापलीकडे गेलेल्या ‘गाडी’ची तेथें ‘गारी’ झाली, आणि अनेक गाड्यांस ‘मागारी’ म्हणूं लागले. रस्त्यावरील वर्तुळापाशीं ‘कीप लेफ्ट’ अशी इंग्रजी पाटी असे. त्यावरून त्या वर्तुळासच ‘किप्लेफ्ती’ हें नांव पडलें, आणि त्याचें अनेकवचन ‘विप्लेफ्ती’! जी भाषा आल्यागेल्यास इतक्या सहजतेनें आपल्या घरच्या शिस्तींत वागवूं शकते, तिची घडण कच्ची आहे असें कोण म्हणेल?

या घडणीचा शोध युरोपीय विद्वानांस हळूहळू लागला. इ. स. १६५९ मध्यें रोम येथें ब्रुशोतो नांवाच्या कापुचिन पंथाच्या पाद्र्यानें कोंगो भाषेचें व्याकरण लॅटिनमध्यें छापिलें. लॅटिनचा सांचा हाताशीं असतांही, या भाषेंत नामाचा शेवट पाहून उपयोग नाहीं, त्याचा आरंभ पाहिला पाहिजे, हें त्यानें ओळखलें आणि नामांची मांडणी त्यांच्या आरंभांवरून केली. हा प्रामाणिक कानाचा विजय होय. पुढें १६९७ सालीं पेद्रो दियास या जेझुइटाचें अंगोलाच्या भाषेचें व्याकरण लिस्बन येथें प्रसिद्ध झालें. तें मात्र आफ्रिकेंत लिहिलेलें नव्हतें. ब्राझीलमध्यें गुलाम म्हणून आणलेल्या अंगोलाच्या लोकांशीं पाद्र्यांस बोलतां यावें म्हणून तें तेथेंच रचलें गेलें. व्याकरणाच्या पुस्तकामागें केवढें दुःख उभें असूं शकतें, याचें हें उदाहरण विसरण्यासारखें नाहीं. १८३४ मध्यें विल्यम बॉइस या मिशनऱ्यानें खोसा भाषेच्या व्याकरणांत उपसर्गांची ही वाक्यभर चालणारी अनुवृत्ति नियमबद्ध करून दाखविली.

या सर्वांस एका सूत्रांत ओंवणारा पंडित म्हणजे विल्हेल्म ब्लेक. हा जर्मन विद्वान् १८२७ मध्यें जन्मला. १८५१ मध्यें बॉन येथें त्यानें आफ्रिकेंतील भाषांच्या नामवर्गांवर प्रबंध लिहिला. १८५५ मध्यें तो दक्षिण आफ्रिकेस गेला आणि केपटाऊन येथें सर जॉर्ज ग्रे यांच्या ग्रंथसंग्रहाचा व्यवस्थापक झाला. त्याच्या तुलनात्मक व्याकरणाचा पहिला भाग १८६२ मध्यें निघाला. एकमेकांपासून शेंकडों कोस दूर असलेल्या भाषांतील वर्ग त्यानें क्रमांक देऊन जुळविले. या कुळास नांव देण्यासाठीं त्यानें त्यांच्यांतीलच शब्द घेतला. झुलूंत ‘उमुंटू’ म्हणजे मनुष्य आणि ‘अबांटू’ म्हणजे माणसें. ‘न्टू’ हा धातु, ‘बा’ ही अनेकत्वाची खूण. ‘बांटू’ म्हणजे केवळ ‘माणसें’. याहून निर्मळ नांव कोणत्या भाषाकुळास मिळालें असेल?

परंतु याच ब्लेकनें एक अनुमान असें काढलें कीं, ज्या भाषांत नामांस स्त्रीपुरुषलिंग असतें, त्या बोलणाऱ्यांस जड वस्तूंवर व पशूंवर मनुष्यत्वाचा आरोप करण्याची संवय लागते, आणि त्यांतून पुराणकथा व काव्य जन्मास येतें. उलट, ज्यांत लिंग नाहीं व केवळ वर्ग आहेत, त्या बोलणाऱ्यांची कल्पना तेथवर पोंचत नाहीं. खोइखोइ लोकांच्या लिंगयुक्त भाषेंतील प्राणिकथांचा संग्रह १८६४ मध्यें प्रसिद्ध करतांना त्यानें हें मत मांडलें. चारच वर्षांनीं, १८६८ मध्यें, हेन्री कॅलवे यांचा झुलू कथांचा मोठा संग्रह बाहेर आला, आणि १८७० मध्यें एडवर्ड स्टीअर यांनीं झांझिबारच्या स्वाहिली कथा छापिल्या. त्या कथांत कल्पनेचें दारिद्र्य शोधूनही सांपडत नाहीं. स्वाहिली कथांतील धूर्त ससा बलाढ्य जनावरांस असा फसवितो कीं, पंचतंत्र वाचलेल्या कोणासही तो परका वाटूं नये. ब्लेकविषयीं न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, १८७० पासून मृत्यूपर्यंतचीं पांच वर्षें त्यानें ल्यूसी लॉइड या विदुषीसह सान लोकांच्या कथा त्यांच्याच मुखांतून उतरून घेण्यांत वेंचिलीं. अनुमान चुकलें, पण ऐकण्याची निष्ठा सुटली नाहीं.

पुढच्या पिढींत ही निष्ठा व हा मोह एकाच मनुष्यांत पुनः दिसतात. कार्ल मायनहॉफ यांनीं १८९९ मध्यें बांटू भाषांचें तुलनात्मक ध्वनिशास्त्र आणि १९०६ मध्यें व्याकरण लिहिलें. त्या शास्त्राचा पाया आजही तोच आहे. पण १९१२ मध्यें त्यांनीं ‘हॅमाइट’ नांवाच्या श्रेष्ठ मानलेल्या वंशाच्या भाषा म्हणून जो गट मांडला, त्यांत लिंगभेदास मोठें महत्त्व दिलें. आणि तरीही पश्चिम आफ्रिकेंतील फूला भाषा, जींत लिंगभेद नसून बांटूसारखेच नामवर्ग आहेत, तीही त्याच गटांत घातली. फूला लोक गुरें पाळणारे होते व कांहींसे उजळ होते, हें त्यांच्या भाषेपेक्षां अधिक बोलकें ठरलें. १९४९ पासून लिहिलेल्या लेखांत आणि १९६३ च्या ग्रंथांत जोसेफ ग्रीनबर्ग यांनीं दाखवून दिलें कीं, फूलाचें नातें पश्चिम आफ्रिकेंतील शेजारच्या भाषांशीं असून तीं सर्व बांटूंसह एकाच विशाल कुळांतील आहेत. भाषेचें नातें भाषेवरून ठरवावें, कातडीवरून नव्हे, हा साधा नियम पाळावयास इतकीं वर्षें लागलीं.

असें असतां, पंडितांच्या चुका पुस्तकांतच राहतात, त्यांचें एवढें काय, असें कोणी विचारील. मध्य आफ्रिकेंतील र्‍वांडा देशाकडे पहावें. तेथील तुत्सी हे बाहेरून आलेले श्रेष्ठ ‘हॅमाइट’ आणि हुतू हे हलक्या प्रतीचे ‘बांटू’, अशी समजूत स्पीक या प्रवाशाच्या १८६३ च्या ग्रंथापासून युरोपीयांत रुजली होती. वस्तुतः दोघेही किन्यार्‍वांडा ही एकच बांटू भाषा बोलतात. त्या भाषेंत एक तुत्सी तो ‘उमुतुत्सी’, एक हुतू तो ‘उमुहुतू’. अनेक झाले कीं ‘अबातुत्सी’, ‘अबाहुतू’. आणि मनुष्य तो ‘उमुंटू’. व्याकरणानें दोघांसही एकच उपसर्ग दिला होता. बेल्जियन राज्यकर्त्यांनीं १९३३–३४ मध्यें शिरगणती करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात लिहिली, आणि १९९४ मध्यें रस्त्यारस्त्यांवर तीं ओळखपत्रें पाहून लक्षावधि तुत्सींची कत्तल झाली. या भयंकर प्रकारास अनेक कारणें होतीं. एकट्या भाषाशास्त्रावर आम्ही त्याचें पाप ठेवीत नाहीं. पण त्या भेदास शास्त्राची प्रतिष्ठा ज्यांनीं दिली, त्यांत विद्वानही होते, हें नाकारतां येत नाहीं.

दक्षिण आफ्रिकेंत तर खुद्द ‘बांटू’ या शब्दाचीच विटंबना झाली. वर्णभेदी सरकारनें १९५३ मध्यें ‘बांटू शिक्षण’ कायदा करून काळ्या मुलांस हलकें शिक्षण नेमून दिलें. १९७६ च्या जून महिन्यांत सोवेटोचीं मुलें त्याच शिक्षणाविरुद्ध रस्त्यावर आलीं आणि गोळ्यांस बळी पडलीं. सरकारी भाषेंत ‘एक बांटू’ असा प्रयोग चाले, म्हणजे ‘एक माणसें’! ज्यांच्यावर राज्य करावयाचें, त्यांच्या भाषेंतील एकवचनही राज्यकर्त्यांस माहीत नव्हतें. नांव अप्रिय झालें तेव्हां १९७८ मध्यें त्या खात्यास ‘अनेकविध संबंधां’चें खातें असें नवें नांव दिलें. त्यांतील ‘प्लूरल’ या इंग्रजी शब्दाचा व्याकरणांतील अर्थ ‘अनेकवचन’. तेव्हां आम्ही आतां ‘अनेकवचनें’ झालों, असा विनोद लोकांनीं केला. त्या देशांत भाषाशास्त्राबाहेर हा शब्द आज कोणी सन्मानानें उच्चारीत नाहीं.

तथापि उपसर्ग परत आले. १९९६ च्या तेथील संविधानांत नऊ बांटू भाषांस राजमान्यता मिळाली, आणि त्यांचीं नांवें इसिझुलू, इसिखोसा, सेसोथो, त्शिवेंडा, शित्सोंगा अशीं, मूळ उपसर्गांसह, लिहिलीं गेलीं. हे ‘इसि’, ‘से’, ‘त्शि’, ‘शि’ म्हणजे किस्वाहिलींतील ‘कि’चींच भावंडें होत, ज्या वर्गांत सुरी बसते, त्याच वर्गांत भाषाही बसते. हत्यार आणि भाषा यांस एका ओळींत बसविणाऱ्यांनीं तें कांहीं हेतूनें केलें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. व्याकरणावरून मन वाचण्याचा मोह किती वाईट, तें आतांच आपण पाहिलें. आम्हांस त्या व्याकरणांतून एकच गोष्ट मनाशीं बाळगावीशी वाटते : नाम देतांना चूक झाली, तरी क्रियापदापर्यंत पोंचतांना ती सुधारतां येते. आंधळा पडला तेव्हां स्वाहिली बोलणारा ‘अमेआंगुका’ म्हणतो, आणि मनुष्य पडला आहे हें ऐकणाऱ्यास कळतें.