पातेऱ्यातल्या भुंगेऱ्याला नाव कोण देतं?

आज पातेऱ्याबद्दल बोलू. पाचोळा म्हणा हवं तर, झाडाखाली पडून कुजणारी पानं. सरावलीत एखाद्या जुन्या आंब्याखालचा मूठभर ओलसर पातेरा उचला आणि पांढऱ्या कागदावर चाळा. दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक तपकिरी ठिपका चालायला लागतो. एक-दीड मिलिमीटरचा भुंगेरा. त्याला नाव आहे की नाही, हे आपल्याला कोण सांगणार? आजचा एपिसोड या एका प्रश्नावर आहे.

आपल्याकडे पातेऱ्यावर जाडजूड सरकारी अहवाल निघालाय, पण तो भुंगेऱ्यांसाठी नव्हता. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, ऐनाच्या फांद्या, गवत, पातेरा असे थर रचून पावसाआधी जाळायचं, म्हणजे राब भाजायचा. ब्रिटिश वनखात्याने फांद्या तोडायला अडवलं तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की 1885 साली बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 चा. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, आपला वेगळा जिल्हा 2014 चा. त्या भांडणात पातेरा म्हणजे खत. त्याच्या आत कोण राहतं हे विचारायला ना साहेबाला वेळ होता ना शेतकऱ्याला.

गंमत म्हणजे त्याच काळात मुंबईत हे विचारणारी माणसं जमत होती. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठ संस्थापकांपैकी दोघे आपले डॉक्टर : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. शाळेत आपण हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत वाचतो, म्हणून ती माणसं एकाच शहरात एकाच वेळी होती हे लक्षातच येत नाही.

पण बारीक भुंगेऱ्यांची नावं ठरत होती लंडनमध्ये. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत माल्कम कॅमेरॉन यांनी 1930 ते 1939 या काळात स्टॅफिलिनिडी या एकाच कुळावर खंडामागून खंड लिहिले. हे आखूड पंखझाकणांचे, लांबट अंगाचे भुंगेरे, पातेऱ्यात ढिगाने सापडणारे. कॅमेरॉन मूळचे नौदलातले डॉक्टर, नंतर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम केलेले. त्यांचा संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

आता यात अडचण काय ते बघा. नवी प्रजाती जाहीर करताना एक नमुना निवडतात, त्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या एका नमुन्याला चिकटलेलं असतं. उद्या कोणी म्हणालं की माझा भुंगेरा नवा आहे, तर त्याला जवळच्या जुन्या प्रजातींचे होलोटाइप तपासावे लागतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मूळ रेकॉर्ड दुसऱ्याच्या सर्व्हरवर आणि आपल्याकडे फक्त त्याचं वर्णन. आपल्याच जंगलातला किडा ओळखायला लंडनला मेल करायचा, हे मला तरी खटकतं.

काम कसं चालतं तेही सांगतो, कारण खरी मेहनत इथे आहे. चाळलेला पातेरा नरसाळ्यात जाळीवर ठेवतात, वर बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली. वरून ऊब आणि कोरडेपणा वाढला की किडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. इटलीच्या अँटोनियो बर्लेझी यांनी 1905 मध्ये हे नरसाळं काढलं. त्यांनी गरम पाणी वापरलं होतं, बल्ब नंतर स्वीडनच्या टुलग्रेन यांचा. मग मायक्रोस्कोप. बारीक तपकिरी भुंगेरे बाहेरून इतके सारखे दिसतात की बऱ्याचदा नराचं जननेंद्रिय बाहेर काढून त्याचा आकार बघावा लागतो. दीड मिलिमीटरच्या किड्याचं ऑपरेशन! हात थरथरला की नमुना गेला. त्यानंतर मोजमापं, चित्रं, तुलना, आणि शेवटी शोधनिबंध. तो छापून आला की त्या तारखेपासून प्रजाती ‘नवी’. किडा मात्र लाखो वर्षं इथेच होता.

हे आता आपल्याकडेही होतंय. काही वर्षांपूर्वी झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुणे केंद्रातल्या अपर्णा कळवटे आणि दक्षिण आफ्रिकेचे वर्नर स्ट्रम्फर यांनी ‘ओमोर्गस खान्देश’ हा भुंगेरा जाहीर केला. हो, नावातच खान्देश. तो पातेऱ्यातला नाही. मेलेल्या प्राण्याचं सगळं संपून कातडी-केस उरले की येणाऱ्या कुळातला आहे, म्हणून मृत्यूचा काळ काढायला त्याचा उपयोग होऊ शकतो.

अगदी पातेऱ्यातलंच उदाहरण हवं तर ब्रुनेईचं घ्या. तिथे फील्ड कोर्सला आलेल्या साध्या नागरिकांनी तज्ज्ञांबरोबर पातेरा चाळला आणि ‘क्लॅविकॉर्नाल्टिका बेलालॉंगेन्सिस’ हा सव्वा मिलिमीटरचा भुंगेरा शोधून 2019 मध्ये प्रसिद्धही केला. मग अशेरीच्या जंगलात हे का होऊ नये?

राब भाजणाऱ्याला मी दोष देणार नाही. तो थोडा पातेरा जाळतो, झाडं पुढच्या वर्षी पुन्हा पानं टाकतात. प्लॉटसाठी झाडंच गेली आणि वर मुरुमाचा भराव पडला, की तिथे चाळायला काही उरत नाही. बोईसरच्या आसपास अशी जागा दाखवायला मला लांब जावं लागणार नाही.

कोणी प्रयत्न करणार असेल तर चिठ्ठी नीट लिहा. अठराव्या शतकात फॅब्रिशियससारखा मोठा माणूस ठिकाण म्हणून नुसतं ‘पूर्वेकडचा हिंदुस्थान’ लिहून मोकळा व्हायचा. आज त्यावरून जागा शोधणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या झाडाखाली, कोणी गोळा केलं, एवढं सगळं. पेनने नको, अल्कोहोलमध्ये शाई पसरते. पेन्सिलने लिहा आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका.